वळणाची शर्यत आणि तासाची शर्यत

‘असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स’ हा व्हिडिओ गेम २०१७ सालच्या ऑक्टोबरात आला. युबिसॉफ्टच्या मॉन्ट्रियल स्टुडिओनं तो बनवला. काळ इसवीसनपूर्व पहिल्या शतकाचा, क्लिओपात्राचा. मुलूख टॉलेमी राजांचा इजिप्त. सूडाला निघालेला नायक बायेक या मुलखात हिंडतो, त्यात अलेक्झांड्रियाच्या बाजूचा रथशर्यतींचा एक ग्रीक तळही येतो. अशा तळाला ग्रीक लोक हिप्पोड्रोम म्हणत. अलेक्झांड्रियात लागेयन नावाचा शर्यतीचा तळ खरोखरच होता, पहिल्या टॉलेमीचा बाप लागोस याच्या नावानं ओळखला जाणारा. गेममधल्या तळावर आपण नुसतं बघत बसत नाही. रथ आपल्यालाच हाकायचा असतो.

गेमवर लिहिणारे सहसा दगडांचा पोत, पाण्यावरचा उजेड, देवळांवरचं रंगकाम यांचं कौतुक करतात. ते रास्तच आहे. पण सातारा-सांगलीकडचा बैलगाडी शर्यतीचा नाद असलेला माणूस हा तळ बघेल तेव्हा त्याचे प्रश्न वेगळे असतील. खरी झुंज कुठं होते? गाड्या सुटतात कशा? निकाल कोण देतो? आणि शेवटी नाव कुणाचं पुकारतात? कुठल्याही शर्यतीचं मैदान कळायला हे चार प्रश्न पुरतात. खटाव तालुक्यातल्या पुसेगावचं सेवागिरी महाराजांच्या यात्रेतलं ‘हिंदकेसरी’ मैदान असो की ग्रीकांचा तळ, दोन्हीकडे हेच प्रश्न लावून पाहिले की गेमनं काय नेमकं पकडलं आणि त्याच्या हातून काय निसटलं, ते स्पष्ट होतं.

झुंजीपासून सुरुवात करू. गेममधला तळ लांबट आहे, दोन्ही टोकांना वळसा आणि भोवती प्रेक्षक. सरळ पट्ट्यात गेम आपल्याकडून फारसं काही मागत नाही. बटण दाबलं की घोडे उधळतात, धूळ उडते, कानात टापा भरतात. टोक जवळ येऊ लागलं की मात्र अंगठा सावध होतो. वेग तसाच ठेवला तर रथ बाहेर फेकला जातो. फार आधी आवरला तर आतल्या अंगानं दुसरा घुसतो. दोन रथ एकाच वेळी वळणावर आले की धडक ठरलेली. त्या दोन-चार क्षणांत हात घट्ट होतात, आणि वळण पार पडलं की आपोआप सैल पडतात. पुन्हा सरळ पट्टा, पुन्हा टोक. ताणण्या-सोडण्याची ही लय हा या तळाचा प्राण आहे, आणि ती गेमनं अचूक साधली आहे.

ग्रीकांनाही रथशर्यतीतला रस वळणातच दिसत होता. होमरच्या ‘इलियड’मध्ये तेविसाव्या सर्गात पात्रोक्लसच्या अंत्यविधीच्या वेळची रथशर्यत आहे. तिथं म्हातारा नेस्टर आपल्या मुलाला, अँटिलोकसला, जो सल्ला देतो तो सगळा वळणाचा आहे. तो सांगतो की तुझे घोडे इतरांपेक्षा मंद आहेत, तेव्हा भर अक्कलहुशारीवर ठेव. डावा घोडा वळणाच्या खुंटाला इतका लगटून ने की चाकाचा तुंबा आता घासणार असं वाटावं, पण दगडाला लागू मात्र देऊ नकोस. उजव्याला ओरडून पुढं काढ आणि त्याचा लगाम सैल सोड. दोन घोड्यांना एकाच क्षणी दोन उलट हुकूम द्यायचे, ही खरी कसोटी. ऑलिंपियात चार घोड्यांच्या रथांची शर्यत इसवीसनपूर्व ६८० पासून होऊ लागली आणि तिच्यात बारा फेरे असत. म्हणजे ही कसोटी एका शर्यतीत वीसहून अधिक वेळा. इसवीसनपूर्व ४६२ मध्ये डेल्फीला किरीनीच्या राजाचा रथ जिंकला. त्यावर पिंडार या कवीनं जे स्तुतिगीत रचलं त्यात चाळीस सारथी कोसळल्याचा आणि कार्होटस या एकट्यानं रथ धडका न लागता आणल्याचा उल्लेख आहे. वळणावर काय होत असेल, त्याची कल्पना या एका आकड्यानं येते. हेच किरीनी शहर गेममध्येही आहे.

आता आपल्याकडच्या मैदानात या. सातारा-सांगलीच्या छकडीच्या, म्हणजे बैलजोडीच्या हलक्या गाडीच्या, मैदानाला वळणच नाही. मोकळं रान सपाट करतात, त्यावर शेजारी शेजारी सरळ तास आखतात, एका तासावर एक जोडी. झेंडा पडला की अर्ध्या-पाऊण मिनिटात गट, म्हणजे एकदम सुटणाऱ्या गाड्यांची एक धाव, संपतो. बारा फेरे नाहीत, डावपेचाला दुसरी संधी नाही. तास सोडून शेजारच्यात शिरली की गाडी बाद. ग्रीक तळाची सवय झालेल्या डोळ्याला हे अगदीच रुक्ष वाटेल. सरळ तर पळायचं, त्यात काय पाहायचं?

पाहायचं ते जुवाखाली. ग्रीकांची झुंज एका रथाची दुसऱ्या रथाशी होती. इथली पहिली झुंज एकाच जोडीतल्या दोन बैलांची असते, एकमेकांच्या पावलात पाऊल मिळवायची. एक बैल कितीही पळाला तरी उपयोग नाही. दुसरा अर्ध्या पावलानं मागे पडला की जू तिरकं होतं, छकडी ओढली जाते आणि तास सुटतो. म्हणून इथला जाणकार आधी खांदा विचारतो. हा डाव्या खांद्याला पळतो की उजव्या? दोन्ही खांद्यांना पळणाऱ्या बैलाला वेगळाच मान. मग विचारतो, पैरा कुणाशी? दोन वेगळ्या दावणींचे बैल एका मैदानापुरते एका जुवाखाली आणायचे, हे जमवण्यात जी बुद्धी लागते ती नेस्टरच्या सल्ल्याच्या तोडीची आहे. एक सुटायला तेज पण शेवटच्या शंभर फुटांत ढिला, दुसरा सुटायला जड पण शेवट मारणारा. यांचा मेळ बसेल का, हे मैदानात उतरण्याआधी ओळखावं लागतं. फरक एवढाच की नेस्टरची अक्कल धावता धावता वापरायची असते आणि आपली झेंडा पडण्याआधी संपलेली असते. त्यानंतर सगळं बैलांच्या हाती.

२०२३ साली खानापूर तालुक्यातल्या भाळवणीला डबल महाराष्ट्र केसरी पैलवान चंद्रहार पाटील यांनी भरवलेलं मैदान गाजलं ते पहिल्या बक्षिसाच्या थार गाडीमुळं. ती गाडी बकासुर आणि महिब्या या जोडीनं नेली. वर्तमानपत्रांनी गाडीवर मथळे केले. पण मैदानातल्या बोलण्यात गाडीइतकाच विषय होता तो त्या पैऱ्याचा. बक्षिसाची गाडी दुसऱ्या दिवशी दिसेनाशी होते, पैऱ्याची चर्चा पुढच्या हंगामापर्यंत चालते.

दुसरा प्रश्न सुटण्याचा. ग्रीकांचा वळणाचा तळ मुळातच विषम होता. आतल्या अंगाच्या रथाला वाट कमी, बाहेरच्याला जास्त. हा अन्याय दूर करण्यासाठी ऑलिंपियात एक विलक्षण यंत्रणा होती. इसवीसनाच्या दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसेनियस तिचं वर्णन करतो. सुटायची जागा जहाजाच्या नाळेसारखी टोकदार, दोन्ही बाजूंना घोड्यांसाठी कप्पे आणि प्रत्येक कप्प्यापुढं दोर. मध्ये एका वेदीवर पंख पसरलेला काशाचा गरुड, आणि दुसरीकडे काशाचाच डॉल्फिन. कळ दाबली की गरुड वर उसळायचा, डॉल्फिन खाली पडायचा, म्हणजे दूरच्या प्रेक्षकालाही सुरुवात दिसायची. मग दोर सुटायचे ते सगळे एकदम नव्हेत. आधी सर्वांत मागच्या कप्प्यांचे, ते रथ पुढच्या कप्प्यांच्या बरोबरीला आले की त्यांचे, असं करत नाळेच्या टोकाशी सगळे एका रेषेत. हा तळ आज जमिनीवर दिसत नाही. आल्फेऑस नदीच्या गाळाखाली तो गेला आणि २००८ साली जमिनीखालच्या मोजणीत त्याच्या खुणा लागल्याचं जर्मन संशोधकांनी सांगितलं. २०१८ साली आलेल्या ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’त ऑलिंपियाचा परिसर आहे. अशा ठिकाणी चित्रकारांच्या हाताशी असते ती पॉसेनियसची चार पानं आणि कल्पनाशक्ती.

आपल्या मैदानाला असल्या यंत्राची गरज पडली नाही, कारण तास सरळ आणि अंतर सारखं. कोणता तास कुणाला हे चिठ्ठीवर. पण सुटण्याचा ताण इथं कमी नाही, उलट जास्तच आहे. जे व्हायचं ते तिथंच होतं. झेंड्याआधीचं ते मिनिट जवळून पाहावं. जोडी तासाच्या तोंडाशी आणलेली असते. दोघं-तिघं गडी बैलांच्या समोर, एका हातात वेसण, दुसरा हात शिंगाच्या बुडाशी. बैल मागं रेटतो, छकडी तिरकी होते. मागचा माणूस चाक उचलून ती पुन्हा तासात बसवतो. ड्रायव्हर छकडीवर दबून, कासरे मुठीत गोळा केलेले, नजर झेंड्याकडे. शेजारच्या तासावरचा खोंड डिरकतो, त्यासरशी इकडच्याचे कान मागं जातात. खिल्लाराच्या पातळ कातडीखाली मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत एक थरथर धावताना दिसते. समोरचे गडी आता बाजूला उडी मारायच्या तयारीत, कारण झेंडा पडताच आपण वाटेत उभे आहोत हे त्यांना ठाऊक असतं. झेंडा पडतो. कुणी हात सोडायला क्षणभर उशीर केला तर त्या जोडीचा गट तिथंच गेला. गेममध्ये सुरुवातीला मी कधी इतका ताण अनुभवला नाही. तिथं सुरुवात चुकली तरी पुढची वळणं भरपाई करायला बसलेली असतात.

निकालाच्या बाबतीत दोन्ही परंपरा एकमेकींच्या इतक्या जवळ येतात की हसू येतं. ‘इलियड’मधल्या त्याच शर्यतीत रथ अजून दूर धुळीत आहेत, तेवढ्यात इडोमेनियस म्हणतो, पुढं दुसराच कोणी दिसतो. धाकटा एजॅक्स त्याच्यावर खेकसतो, तुझी नजर गेली म्हातारपणी. शब्दाला शब्द वाढतो, पैजेची भाषा होते, शेवटी अकिलीस उठून दोघांना गप्प बसवतो. शर्यतीपेक्षा हे भांडण अधिक जिवंत आहे. पुसेगावला, वडूजला, विट्याला कुठंही उभं राहा, निकालरेषेजवळ हे दोघं आजही भेटतात. आता अकिलीसचं काम कॅमेरा करतो. संथ गतीत चित्रण पुन्हा लावतात, शिंग कुणाचं आधी गेलं ते पंच बघतात, आणि माइकवरून निकाल जाहीर होतो. गेममध्ये मात्र निकालावर वादच होत नाही. पडद्यावर क्रमांक उमटला, संपलं. ज्या शर्यतीच्या निकालावर भांडता येत नाही तिचा अर्धा रस गेला, असं मला वाटतं.

आता चौथा प्रश्न, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. नाव कुणाचं? ऑलिंपियात रथशर्यतीची ऑलिव्हची माळ सारथ्याला मिळत नसे, मालकाला मिळे. स्पार्टाच्या राजघराण्यातली किनिस्का इसवीसनपूर्व ३९६ आणि ३९२ मध्ये रथशर्यतीची विजेती ठरली. स्त्रीला तिथं स्पर्धक म्हणून उतरायची मुभा नव्हती, पण घोडे तिच्या तबेल्यातले होते. अथेन्सच्या अल्किबियाडीसनं इसवीसनपूर्व ४१६ मध्ये एकाच शर्यतीत सात रथ उतरवले आणि पहिला, दुसरा, चौथा असे तीन क्रमांक घेतले. ‘ओडिसी’ गेममध्ये हा गृहस्थ तरुणपणीचा भेटतो. गेमची कथा इसवीसनपूर्व ४३१ पासून सुरू होते, म्हणजे त्याचा हा पराक्रम अजून पुढं आहे.

पण ग्रीक जनावराचं नावही विसरले नाहीत. पॉसेनियसनं सांगितलेली ऑरा नावाच्या घोडीची गोष्ट मला या सगळ्या परंपरेचा कळस वाटते. ती कॉरिंथच्या फिडोलासची. शर्यत सुरू होताच तिनं स्वाराला पाठीवरून पाडलं. तरी ती थांबली नाही. एकटी पळत राहिली, वळणाचा खुंट रीतसर फिरली, शेवटच्या टप्प्याचं कर्ण्याचं फुंकणं ऐकून वेग वाढवला आणि पंचांपाशी सर्वांत आधी पोचून, आपण जिंकलो हे कळल्यासारखी थांबली. पंचांनी विजय फिडोलासच्या नावानं जाहीर केला आणि त्याला त्या घोडीचा पुतळा उभा करू दिला.

हे वाचताना सातारकराला परकं काही वाटणार नाही. पुणे जिल्ह्यातल्या खेड-जुन्नरच्या घाटात तर गाड्यावर माणूसच नसतो, बैल आपले आपण पळतात. आपल्या छकडीच्या मैदानात ड्रायव्हर असतो, चांगल्या ड्रायव्हरला मागणीही असते. पण माइकवर आधी येतं ते बैलाचं नाव, मग मालकाचं, मग गावाचं. गुलाल बैलाच्या पाठीवर पडतो. गावात मिरवणूक निघते ती बैलाची. लग्नपत्रिकेत आणि फ्लेक्सवर मालकाच्या फोटोशेजारी त्याचा फोटो असतो. ऑलिंपियाचा जो न्याय होता, मालकाला मान आणि जनावराला कीर्ती, तो आज ग्रीक तळाची हुबेहूब प्रतिकृती करणाऱ्या गेमपेक्षा माण-आटपाडीच्या रानात जास्त शाबूत आहे.

कारण गेममध्ये घोड्यांना इच्छाच नाही. ते पळतात कारण बटण दाबलं. बुजत नाहीत, हट्ट करत नाहीत, कुणाशी जमत नाही म्हणून पाय ओढत नाहीत. ऑलिंपियाच्या तळावर तराक्सिप्पोस नावाची एक जागा होती. तिथून जाताना घोडे अकारण बिथरत, रथ मोडत, म्हणून सारथी आधी तिथं नैवेद्य दाखवत. जनावर आपल्या मनाचं मालक असतं, हे मान्य केल्याशिवाय अशी जागा कुणाच्या कल्पनेत येत नाही. गेमनं दगड, धूळ, वळण सगळं आणलं. ते बिथरणं आणलं नाही. त्यामुळं जिंकल्यावर मिळतो तो स्वतःच्या अंगठ्याचा अभिमान. ‘माझा बैल पळाला’ असं म्हणताना माणसाच्या चेहऱ्यावर जे येतं ते तिथं येऊ शकत नाही.

जनावराला मन आहे म्हटलं की त्याला वेदना आहे हेही ओघानं आलं, आणि आपल्या मैदानाचा अलीकडचा इतिहास या मुद्द्याभोवतीच फिरला. २०११ साली केंद्र सरकारनं प्रदर्शनासाठी वापरू नयेत अशा प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या. राज्यानं २०१७ साली कायदा दुरुस्त केला तरी तो न्यायालयात अडकला. मैदानं खऱ्या अर्थानं उघडली ती १६ डिसेंबर २०२१ च्या अंतरिम आदेशानंतर, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं त्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्यक लागतो, चाबूक, टोचणी, विजेचा धक्का यांना मनाई आहे. ही मनाई मी रसभंग मानत नाही. मारून पळवलेल्या बैलाचं पळणं पाहण्यासारखं नसतं. त्यात मान वर असते, कान पडलेले असतात आणि पावलं एकमेकांत मिसळत नाहीत. खुशीनं पळणाऱ्या बैलाची मान खाली, पाठ सपाट आणि चारी पाय एका सुरात. जाणकाराला हा फरक दुरून कळतो, आणि नियम कागदावर न राहता पाळले गेले तर मैदानाचा रस वाढणारच आहे.

तेव्हा निवाडा असा. अलेक्झांड्रियाच्या त्या तळाला वळणासाठी पैकीच्या पैकी गुण, घोड्यांसाठी नापास. आणि पुण्या-मुंबईत गेम बनवणाऱ्या आपल्या पोरांना एक विनंती. कधी पुसेगावचं मैदान पडद्यावर आणायचं झालं तर खेळाडूच्या हातात कासरा देऊ नका. त्याला मालक करा. खरसुंडीच्या बाजारात त्याला खोंड पारखू द्या, खुराक ठरवू द्या, पोहणीला नेऊ द्या, खांदा ओळखून पैरा जमवू द्या, चिठ्ठीत वाईट तास आला तर कपाळाला हात लावू द्या. आणि झेंडा पडला की सगळी बटणं बंद करा. त्या पाऊण मिनिटात त्याच्या हातात काहीच नसलं पाहिजे.

वाचकांना एवढंच सांगणं. ‘ओरिजिन्स’ची मारामारी वगळून नुसतं हिंडता येणारी ‘डिस्कव्हरी टूर’ ही आवृत्ती २०१८ पासून उपलब्ध आहे. ती जरूर पाहा. आणि मार्गशीर्षात सेवागिरी महाराजांच्या यात्रेला पुसेगावला जा. फायनलची वाट बघत बसू नका, सकाळचे पहिले गट पाहा, निकालरेषेजवळ न उभं राहता सुटायच्या टोकाला उभं राहा.